उज्जैनला गेलेले भटू आबा

तळोदे,
९ जुलै १९४४

प्रिय नथ्थू,

तुझं पत्र परवा पोचलं. अकरा वर्षांत पहिलं. पाकिटावर आपल्या गावचं नाव बघितलं आणि वाटलं, कोणीतरी गेलं असणार, त्याशिवाय तुला वहिनी कशाला आठवेल? पण आत सगळे जिवंत निघाले. तुझी धनुबाई बरी आहे, दोन्ही पोरं धडधाकट आहेत, कपाशी उगवली आहे आणि पाटीलसाहेब मात्र पेचात सापडले आहेत. गोमाई नदीच्या वरच्या अंगाला दोन गावांत पटकी लागली. येत्या वीस तारखेला, गुरुवारी, धुळ्याहून डॉक्टर लस टोचायला येणार आणि तीनशे उंबऱ्यांच्या गावात एक माणूस दंड पुढे करायला तयार नाही. तू दवंडी दिलीस, समजावलंस, दरडावून पाहिलंस. सगळ्यांचं एकच, "आमले सुई नको." म्हणून तुला माझी आठवण झाली. वहिनी, गाव तुला मानतं, तू ये, आणि येणं जमलं नाही तर चार ओळी तरी लिहून पाठव, तुझा शब्द कोणी मोडणार नाही. पत्र वाचून आधी मला हसू आलं. मग ते मी पुन्हा वाचलं. आज रविवार, दवाखान्याला सुट्टी, म्हणून लिहायला बसले आहे. चार ओळींत काही हे मावणार नाही.

माझं कसं चाललंय ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. तेरावं आटोपून मी भावाकडे इथे आले ते तुला ठाऊक आहे. सहा महिने नुसती भिंतीला टेकून बसत होते. मग भावजयच एक दिवस मला दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांना लिहितावाचता येणारी बाई हवी होती. मास्तरांची मुलगी म्हणून माझं अक्षर बरं, त्या जोरावर चिकटले. पुढे बाळंतपणं शिकले, मलमपट्टी शिकले, लस टोचायला शिकले. आता पेटी घेऊन धडगावच्या पलीकडच्या पाड्यांपर्यंत जाते, थोडं घोड्यावर आणि बरंचसं पायी. तिकडे एका पाड्याचा कारभारी आहे जालमसिंग म्हणून. तिरसट म्हातारा. कोंबडी विकताना माझ्याशी तासभर घासाघीस करतो. पहिल्या वर्षी त्याने मला दिवसभर मोहाच्या झाडाखाली बसवून ठेवलं. बाटलीचा वास घेतला, सुई उन्हात धरून पाहिली, तुझ्या घरातलं कोण कोण मेलं ते विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाला, आधी तुझ्याच हातात टोच. मी टोचून घेतली. दोन दिवस माझा ताप बघत बसला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःचा दंड पुढे केला.

चार वर्षांपूर्वी त्याचा नातू पटकीने गेला. प्रेत उचलायच्या आधी या माणसाने पाड्याची वाट काट्यांनी बंद केली, टेकाडावर उभा राहिला आणि पलीकडच्या पाड्याला ओरडून सांगितलं की माझ्या घरात पटकीने मेलंय, इकडे कोणी येऊ नका, खालच्या झऱ्याचं पाणी पिऊ नका. दुसऱ्या दिवशी पलीकडेच, त्याच्या सख्ख्या मुलीच्या सासरी, लग्न होतं. ते त्याच्या त्या एका हाकेने मोडलं. मुलगी वर्षभर त्याच्याशी बोलली नाही, पण पलीकडचं एकही माणूस दगावलं नाही. आता जालमसिंगने सुई घ्या म्हटलं की पाड्यातली लेकुरवाळी बाईसुद्धा आधी पोराचा हात पुढे करते. मी हे मुद्दाम तुला लिहिते आहे, नथ्थू. तू त्या लोकांना रानटी म्हणायचास.

मी लग्न होऊन आले तेव्हा मी तेरा वर्षांची आणि तू पाच. सासूबाई त्याच वर्षी गेल्या आणि तू माझ्या पदराला चिकटलास तो मिसरूड फुटेपर्यंत सुटला नाहीस. तुला न्हाऊ घातलं मी. गोवर निघाला तेव्हा नऊ दिवस तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. भाकरीचा पापुद्रा काढून दिल्याशिवाय तू जेवायचा नाहीस. मला मूल होत नव्हतं, सोळा वर्षं झालं नाही, आणि बाया बोलायच्या तेव्हा तू बारा वर्षांचा असताना एकीच्या अंगावर धावून गेला होतास, "मन्ही वहिनीले बोलू नको" म्हणून. ते आठवलं की अजून माझे हात शिवशिवतात. तेव्हा तुला कुशीत घेतलं होतं. आज तू समोर असतास तर थोबाडीत मारली असती, आणि एका थोबाडीवर थांबले नसते.

मग शांती झाली. मामंजी गेले तेव्हा पाटीलकी खरी तुझ्या दादांची. पण ते म्हणाले, कचेरीच्या पायऱ्या कोण झिजवणार, मला माझं शेत बरं. नथ्थूला बोलता येतं, त्याच्याकडे राहू दे. बोलता येतं तुला, यात शंकाच नाही.

आणि आला तो श्रावण. कानबाई देवी बसवायची तर भाऊबंदकीत कुठे सुतक नको, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लागोपाठ दोन वर्षं ऐन वेळी कोणी ना कोणी गेलं होतं आणि चाळीस घरांचे नैवेद्याचे रोट राहिले होते. त्या वर्षी कानबाई आपल्या घरी, तू पाटील झाल्यावर पहिल्यांदाच. तू नवा फेटा आणलास. मांडवाला आंब्याचे टहाळे, केळीचे खांब, वाजंत्री शहाद्याहून. आम्ही बायका घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू मोजून घेत होतो, तेव्हा भटू आबांच्या नावाची मूठ मीच घेतली. मामंजींचे चुलतभाऊ, मागेपुढे कोणी नाही, मळ्यातल्या खोपीत राहायचे. त्यांच्यासाठी त्याच उन्हाळ्यात मी नवी गोधडी शिवली होती. शुक्रवारी दुपारी तू घाईघाईने घरी आलास आणि म्हणालास, "आबा उज्जैनले गया. पहाटमांच निघी गया." मला नवल वाटलं. ऐन कानबाईच्या तोंडावर म्हातारा न सांगता जाईल कसा? पण तू म्हणालास म्हणजे गेला असेल. मग तू घासलेटचा डबा मागितलास, खोपीला वाळवी लागली म्हणून. मी डबा काढून दिला. संध्याकाळी नदीकडे धूर दिसला. तुझ्या दादांनी विचारलं, पावसापाण्याचं कोण काय जाळतंय, तर तू म्हणालास, वाळवीची लाकडं. आम्ही दोघंही पुन्हा कामाला लागलो.

रविवारी कानबाई बसली. स्वयंपाकाला पाणी आपल्याच मळ्यातल्या विहिरीचं, तशी रीतच होती. शांती परकर खोचून माझ्याबरोबर चार खेपा आली. अकरा वर्षांची पोर, डोक्यावर तिच्याएवढी घागर. चाळीस घरांनी दिवसभर ते पाणी प्यायलं. सोमवारी गोमाईवर विसर्जन झालं, शांती फुगड्या घालून घालून घामाघूम झाली आणि घरी आल्यावर तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली. संध्याकाळपासून एकेका घरातून उलट्यांचा आवाज यायला लागला. मंगळवारी दुपारी तुझे दादा गेले. सकाळी बैलांना वैरण टाकून आलेला माणूस दुपारी उचलावा लागला. त्या एका आठवड्यात भाऊबंदकीतली एकोणीस माणसं गेली. तुझ्या बायकोपोरांतलं एकही नाही. धनुबाई बाळंतपणाला माहेरी गेली होती, आणि त्या दोन दिवसांत तुला मी पाण्याला तोंड लावताना बघितलं नव्हतं. तू म्हणालास, उपास आहे. ते मला फार उशिरा आठवलं.

बुधवारी लोक चावडीवर जमले. आपल्यावर हे कशाने कोसळलं, एवढंच त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. आषाढात सरकारी माणसं येऊन सगळ्या विहिरींत पाणी शुद्ध करायची लाल पूड टाकून गेली होती, पाणी दिवसभर गुलाबी दिसत होतं. तू उभा राहिलास आणि म्हणालास, "सरकारनी विहिरमां लाल पूड टाकी, तेन्हाच हाऊ परताप शे. आते सरकारना डाक्टर बाटल्या लई येतीन. कोनले घरमां घुसू देऊ नका." गावाने विश्वास ठेवला. पाटील सांगतोय, पाटलाचा भाऊ कालच गेलाय, तो खोटं कशाला बोलेल? तरी काही बायका कां-कूं करत होत्या. आजारी माणूस घरात होतं आणि डॉक्टर आला तर बरंच, असं त्यांना वाटत होतं. त्या माझ्याकडे आल्या, कारण मला वाचता येतं, मला चार गोष्टी कळतात. नवऱ्याच्या राखेजवळून नुकतीच उठून आले होते मी. मी त्यांना म्हणाले, "नथ्थू मन्हा हातखाले वाढेल शे. तो खोटं बोलाव नही." पुरुषांनी तुझं ऐकलं आणि बायकांनी माझं.

गुरुवारी डॉक्टरची बैलगाडी आली. आजवर हे मी कोणाला सांगितलं नाही, भावालाही नाही. शांतीला बुधवारपासूनच लागलं होतं. डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी सुरकुतली होती, पण शुद्धीवर होती. डॉक्टर तरुण होता, चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेला. त्याने दार वाजवलं आणि विचारलं, बाई, घरात कोणी आजारी आहे का? मी दार फटीएवढं उघडून म्हणाले, कोणी नाही. आतून शांतीचा आवाज आला, "माय, पानी." त्याने ऐकलं. म्हणाला, बाई, माझ्याकडे मिठाच्या पाण्याच्या बाटल्या आहेत, शिरेतून देतो, पोर वाचेल. मी दार लावलं आणि आडणा घातला. बाहेर दगड पडायला लागले, तेव्हा गाडी वळली. शुक्रवारी सकाळी शांती गेली. मी आज त्याच बाटल्यांनी माणसं उठून बसलेली बघते, नथ्थू. लाकडासारखी पडलेली पोरं तासाभरात भाकरी मागतात. दर वेळी मला ते दार आठवतं. दार मी लावलं, ते पाप माझं, मी कोणावर ढकलत नाही. पण आडणा तू माझ्या हातात दिला होतास.

तरीही चार वर्षं मी तुला दोष दिला नाही. लाल पुडीच्या त्या गोष्टीवरचा माझा विश्वास उडाला होता, दवाखान्यात राहून उडणारच, पण मला वाटायचं, नथ्थूही आपल्यासारखाच फसला. मग एक दिवस बाज्या आला. आपला सालदार बाज्या. पायाला जखम होऊन अळ्या पडल्या होत्या. मी पाय धुवायला बसले तर तो रडायला लागला. मला वाटलं, दुखतंय. तो म्हणाला, "वहिनी, तू मन्हा पाय धरू नको. मन्हा डोकावर पाप शे. भटू आबा उज्जैनले नही गया. आम्हीच तेले गोमाईना काठवर जाळं. पाटीलनी सांगं, कानबाई होऊ दे, मंग सांगसूत." आबा गुरुवारपासून ओकत होते, जुलाब होत होते. तू दोनदा येऊन बघून गेलास. शुक्रवारी ते गेले. आबा मेले म्हटलं तर सुतक, कानबाई तिसऱ्या वर्षीही हुकली असती, वाजंत्री परत गेली असती, नव्या फेट्याला कोणी विचारलं नसतं. आणि पटकीने मेले म्हटलं तर मामलेदाराची माणसं येऊन नदीवरची जत्रा बंद करणार. बाज्या गोधडीही चितेवर टाकायला निघाला होता. तू म्हणालास, "नवी शे, धोई टाक." त्याने ती विहिरीवर धुतली, त्याच हातांनी त्याच पोहऱ्याने पाणी काढून. दोन दिवसांनी त्याच पोहऱ्याने मी आणि शांतीने घागरी भरल्या. तुला ठाऊक होतं म्हणून तुझा उपास होता.

त्या दिवसापासून तुझं वाकडं कसं करावं याशिवाय मी दुसरा विचार केलेला नाही. देवपूजा करताना तुझी पोरं मरोत असं मनात यायचं आणि मी तसं म्हणायचेही, खोटं का सांगू? मग पाड्यावर तुझ्या पोरांच्या वयाची पोरं दिसली की जीभ चावायचे. एकदा बाज्याला घेऊन कचेरीच्या दारापर्यंत गेले होते. पायरीवरून परत फिरले. मामलेदाराने काय केलं असतं? दंड केला असता, फार तर पाटीलकी काढली असती, आणि सरकारने आमच्या पाटलाला नाडलं म्हणून गावाने तुला खांद्यावर घेतलं असतं. तुला आणखी मोठं करायला मी काही बाज्याचा जीव धोक्यात घालणार नव्हते. मी गप्प बसले. बाज्या या माघात गेला. आता त्याला कोणी काही करू शकत नाही.

आणि आता तू लिहितोस, लोक माझं ऐकत नाहीत. अरे, ऐकतात ना! अजून तुझंच ऐकतात, अकरा वर्षांपूर्वी चावडीवर बोललास तेच. सरकारी पुडीने आपली माणसं मारली, आता सुईने मारतील, हे तूच त्यांच्या डोक्यात भरलंस. आता तुझ्या दोन पोरांच्या अंगावर आलं तेव्हा तुला डॉक्टर हवासा वाटायला लागला. आणि मी येऊन काय सांगू? सुई चांगली आहे म्हणू? तेव्हाही मी तुझ्या वतीने बायकांना शब्द दिला होता. त्यातल्या किती जणी उरल्यात? ज्या उरल्या त्यांच्या डोक्यातून ती लाल पूड निघाल्याशिवाय माझ्या सांगण्याने काही होणार नाही, आणि ती काढायची तर आबांचं काय झालं ते सांगावंच लागतं. तू सांगशील याची मी सात वर्षं वाट बघितली असं समज.

म्हणून हे पत्र. तुला लिहितावाचता येत नाही, नथ्थू, परवाचं पत्रही तू दुसऱ्याकडूनच लिहून घेतलंस. लहानपणी मी पाटी घेऊन बसवायचे आणि तू मागच्या दाराने पळायचास. तेव्हा मी कपाळावर हात मारून घ्यायचे. आज मला त्याचं फार बरं वाटतंय. तुला आलेला प्रत्येक कागद शाळेचे मास्तर चावडीवर मोठ्याने वाचतात आणि तू लोडाला टेकून मान डोलावतोस, ही तुझी जुनी हौस. त्यातून वहिनीच्या चार ओळी तुला सगळ्यांना ऐकवायच्याच होत्या. दवंडी देऊन घरटी माणूस बोलावलं असशील, बायकाही ओट्यावर बसल्या असतील. मास्तर, इथवर वाचलंत, तुमचे उपकार झाले. पाटलाने हात पुढे केला असेल तर कागद देऊ नका, एवढं संपवा. बायांनो, मी तुम्हाला नथ्थूच्या नावाने शब्द दिला होता तो खोटा निघाला. त्यापायी तुमची माणसं गेली आणि माझी शांती गेली. मला क्षमा करू नका, पण सुई घ्या. गुरुवारी सकाळी मी चावडीवर येते, पहिली सुई माझ्याच दंडात टोचून दाखवते. त्याआधी भटू आबांचं राहिलेलं क्रियाकर्म करा, बिचाऱ्याला कोणी पाणीही दिलेलं नाही. आणि नथ्थू, तू उठू नकोस. लोक तुझं ऐकत नाहीत अशी तुझी तक्रार होती ना? आता चावडीवर कोणी हूं की चूं करत नसेल, सगळे तुझ्याच तोंडाकडे बघत असतील. बोल.

तुला वाढवण्यात चुकलेली, तरी तुझीच,
कौसा वहिनी